“खरं सांग, कशी सावरलीस?” आणि मी खोटं बोलले

कोपऱ्यातली_खुर्ची

सगळ्यांना सलाम. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी हिशेब विभागात अकरा वर्षं काम करते. शेजारच्या टेबलावर जी बसते तिला इथं ‘पलीकडची’ म्हणू. नऊ वर्षं आम्ही शेजारीशेजारी. तिच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मला पाठ, माझ्या चष्म्याचा नंबर तिला. मी रविवारी उपासनेला जाते हे तिला माहीत आहे. त्यापलीकडे या विषयावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

मागच्या वर्षी माझे वडील गेले. चार महिन्यांचं आजारपण. आता तिची आई त्याच वाटेवर आहे. गेल्या मंगळवारी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. ती लिफ्टच्या आरशात बघत म्हणाली, “तुझे बाबा गेल्यावर तू नवव्या दिवशी कामावर आलीस. मी बघत होते तुझ्याकडे. कशी सावरलीस तू? खरं सांग.”

सहा मजले जायचे होते. एवढा वेळ होता माझ्याकडे. आणि मी म्हणाले, “अगं, वेळ जातो तसं होतं आपोआप.”

हे खोटं आहे. वेळेनं काहीसुद्धा केलं नाही. खरं काय झालं ते सांगते. वडील जायच्या आठवडाभर आधी, रात्री दोनच्या सुमाराला मी त्यांच्या उशाशी बसून बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणत होते. पाठ आहे, लहानपणापासून. पण मृत्युच्छायेच्या दरीपाशी आले आणि पुढचं आठवेना. डोकं रिकामं. दोन दिवस धड डोळे न उघडलेल्या वडिलांनी डोळे मिटलेलेच ठेवून पुढचं म्हटलं, “तू माझ्याबरोबर आहेस.” ते मला म्हणत नव्हते. त्या रात्रीनंतर त्यांची भीती गेलेली मी पाहिली आणि माझीही बरीचशी गेली. माझं सावरणं म्हणजे एवढंच.

हे सांगायला सहा मजले पुरले असते. दार उघडलं, ती डावीकडे गेली, मी उजवीकडे.

त्यात भर म्हणजे त्याच रविवारी संडे स्कूलमध्ये धडा होता पेत्रानं प्रभूला नाकारल्याचा. एका दासीनं विचारलं आणि येशूचा हा शिष्य म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. शिकवणारी मी. आठ ते अकरा वर्षांची मुलं. एका मुलीनं विचारलं, “बाई, ती तर नुसती दासी होती ना? तिच्या हातात तलवारपण नव्हती. मग तिला कशाला घाबरला तो?” मी म्हटलं, पुढचं चित्र रंगवा.

भीती कशाची, हे मी प्रामाणिकपणे शोधलं. मारहाण नाही, नोकरी जाणं नाही. तिला वाटेल की नऊ वर्षांची मैत्री ही याच दिवसासाठी जमवलेली होती, ही एक भीती. तिनं पुढचा प्रश्न विचारला तर, ही दुसरी. माझे वडील प्रार्थना करूनही गेलेच की, त्याचं काय? मला उत्तर येत नाही. आणि तिसरी सगळ्यात वाईट. ताळेबंदाच्या दिवसांत मी शिपायावर कशी ओरडते ते तिनं पाहिलंय. ते तोंड आणि हे तोंड एकच.

माझ्या खणात, पिनांच्या डब्याखाली, खिशात मावेल असा नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आहे. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेला. तिच्यासाठी घेतला होता. दोन वर्षं झाली.

आणखी एक कबुली. आमच्याकडे मध्यंतरी उपासनेत विचारलं गेलं, या महिन्यात कोणी कोणी साक्ष दिली, म्हणजे बाहेरच्या कुणाला आपल्या विश्वासाबद्दल सांगितलं, हात वर करा. माझ्या रांगेतले सगळे हात वर गेले. मीही केला.

तर प्रश्न असा की ही भीती जाते कशी? ‘प्रार्थना करा’ याच्या पुढचं काहीतरी सांगा, प्रार्थना चालूच आहे.

—

विजयी_जीवन

ताई, भय देवाकडून नाहीच. २ तीमथ्य १:७ पाठ करा, पहाटे उठून मोठ्यानं कबूल करा. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही! चाळीस दिवस करून पाहा. मी स्वतः आता बसमध्ये, दुकानात, कुठंही बोलतो. एकदा तोंड उघडलं की प्रभू भरतो. तुम्ही तुमच्या मैत्रिणीचं सार्वकालिक जीवन अडवून धरलंय हे लक्षात घ्या.

—

कोपऱ्यातली_खुर्ची

दादा, ते वचन मला पाठ आहे. फ्रीजवर चुंबकाखाली आहे. अडचण अशी की दर वेळी ते वाचलं की मला वाटतं, मग माझ्यात जो आहे तो कोणाकडून आलाय? म्हणजे आधी एक भीती होती, आता दोन.

शेवटचं वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही. तुमचा हेतू चांगला असेल.

—

जुना_पत्रिकावाला

मुली, मी वयानं बराच मोठा असणार म्हणून असं म्हणतो, राग मानू नकोस.

आधी त्या वचनाचं बघू, कारण ते तुझ्या डोक्यात हातोड्यासारखं बसलंय. ते पत्र कोणाला आहे? तीमथ्याला, प्रेषित पौलाच्या तरुण सोबत्याला. धीट माणसाला कोणी ‘तू भित्रा नाहीस’ असं लिहून पाठवतं का? पौलानं करिंथच्या मंडळीलाही कळवलं होतं की तीमथ्य आला तर त्याला तुमच्याकडे निर्भयपणे राहता येईल असं बघा (१ करिंथ १६:१०). म्हणजे हा मुलगा घाबरतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी कामावर तोच पाठवला जात होता. आणि पाठवणारा? करिंथमध्ये मी भयभीत आणि थरथरत होतो असं पौल स्वतःच लिहितो (१ करिंथ २:३). त्याच गावात रात्री प्रभूनं त्याला सांगितलं, भिऊ नकोस, बोलत जा, उगा राहू नकोस (प्रेषितांची कृत्ये १८:९). न भिणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्यानंतर तो तिथं दीड वर्ष राहिला.

आता माझी गोष्ट. ती काही भूषणाची नाही.

मला भीती कधी वाटलीच नाही. चौदा वर्षं मी धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटल्या. शंभराचा गठ्ठा, रबर लावलेला, दर शनिवारी दोन. रेल्वेचा डबा, बसथांबा, इस्पितळाची रांग. वचन सांगायला ‘वेळी-अवेळी’ तयार राहा (२ तीमथ्य ४:२) हे माझं आवडतं, आणि मी त्यातली अवेळच जास्त साधली. लोक पाठ फिरवायचे, मला वाटायचं ही ख्रिस्तासाठी सोसलेली निंदा. एकदा एक माणूस सापडला, खिडकीशी बसलेला, पळायला जागा नाही. त्याला मी पापापासून तारणापर्यंत सगळं सांगितलं, वीसएक मिनिटं. त्यानं शांतपणे ऐकलं. पत्रिका घेतली, घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, “माझं नाव काय?”

मी म्हटलं, म्हणजे?

“इतका वेळ माझ्या आत्म्याची काळजी करताय. नाव विचारलं नाहीत.”

मुली, मला त्याचा चेहराही आज आठवत नाही. चप्पल आठवते, अंगठा शिवलेला होता. पुढच्या शनिवारी मी गठ्ठा घेऊन निघालो आणि स्टेशनवरून परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली, समोरच्याची. ती अजून गेलेली नाही आणि जाऊ नये असं मला वाटतं.

याचं कारण मला पुढं वाचताना सापडलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात, ३:१५ला, आपण सगळे जे वचन साक्षीसाठी वापरतो ते आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा. इथंच आपण थांबतो. पुढं वाच. ‘पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या.’ भीडस्तपणाने! आपण म्हणतो भीड भिकेची बहीण, भीड सोडा, आणि पेत्र म्हणतो भीड घेऊन जा. आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात ग्रीक जाणणारे एक शिक्षक होते. त्यांनी दाखवलं की मागच्याच वचनात लोकांच्या ज्या भयाला भिऊ नका म्हटलंय तिथं, आणि जिथं आपल्या भाषांतरात भीडस्तपणा आलाय तिथं, मुळात शब्द एकच आहे, फोबोस. भीती. एक टाकायची, एक ठेवायची. टाकायची ती ‘माझं काय होईल’ ही. ठेवायची ती देवाची आणि समोरच्या माणसाची. तुझ्या तीन भीतींपैकी पहिली मला टाकण्यासारखी वाटत नाही. मैत्री ही सापळा वाटू नये याची काळजी म्हणजेच भीड. ती असू दे.

आणि लिहिणारा कोण आहे बघ. तुझ्या संडे स्कूलच्या चित्रातलाच. कोळशांच्या विस्तवापाशी दासीनं विचारलं आणि याची जीभ टाळ्याला चिकटली. त्यालाच म्हातारपणी लिहावंसं वाटलं की कुणी विचारलं तर तयार असा. त्या मुलीला पुढच्या रविवारी हे सांग, तिचा प्रश्न रंगवायला लावून टाळण्यासारखा नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच आहे. एकदा त्या अंगणात आणि एकदा पुनरुत्थानानंतर तळ्याच्या काठी, जिथं प्रभू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. तिथं प्रभूनं दासीचा विषयही काढला नाही.

हात वर केल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. चूक विचारणाऱ्याचीही आहे. मिशनरी विल्यम कॅरी १७९३ साली बंगालात उतरला. पहिला बंगाली बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात, कृष्ण पाल या सुताराचा. सात वर्षं! आणि कृष्ण पालची गाठ घट्ट झाली ती त्याचा निखळलेला खांदा कॅरीच्या सोबत्यानं, डॉक्टर थॉमसनं, बसवून दिला तेव्हा. महिन्याचा हिशेब मागितला असता तर कॅरीचा हात खालीच राहिला असता.

आता तुला करायचं काय. साक्ष द्यायला जाऊ नकोस. खोटं दुरुस्त करायला जा. “त्या दिवशी लिफ्टमध्ये तू विचारलंस, मी खरं सांगितलं नाही. ऐकायचं असेल तर सांगते.” एवढंच, आणि गप्प बस. हिशेबातली माणसं तुम्ही, चुकीची नोंद दिसली की दुरुस्तीची नोंद टाकता ना? तशी टाक.

—

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. काकांनी म्हटलंय त्यात थोडी भर आणि एक तक्रार.

तक्रार आधी. काका, तुम्ही इस्पितळाच्या रांगेत पत्रिका वाटायचात. तुमच्यासारख्यांना आम्ही कितीदा बाहेर काढलंय. माझा स्वतःचा एक नियम आहे, जो माणूस उठून जाऊ शकत नाही त्याला मी आपणहून काही सांगत नाही. पलंगावरचा रुग्ण, हाताखालचा कर्मचारी, पैसे उसने घेतलेला शेजारी. त्याचं ‘हो’ हे हो नसतं. त्यानं विचारलं तर सांगते, तेही ड्यूटीचं काम आधी. प्रार्थना करू का असं विचारते आणि ‘नको’ आलं तर चेहरा पडू देत नाही. ते ‘नको’ सहज म्हणता यावं अशा आवाजात विचारणं हे शिकायला मला वर्षं लागली.

ताई, तुमची मैत्रीण उठून जाऊ शकते. आणि विचारलंही तिनंच. तेव्हा तुमची केस सोपी आहे, हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाहीये.

शरीराचं सांगते. तोंड कोरडं पडतं, छातीत धडधडतं, आवाज अर्धा पट्टी वर जातो. हे काही विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. मी नवीन असताना पहिल्यांदा नातेवाईकांना वाईट बातमी सांगायला निघाले तेव्हाही हेच झालं होतं. दोन्हीकडे उपाय सारखाच, पहिलं वाक्य आधी ठरवायचं आणि बसून बोलायचं, उभ्यानं नाही. धडधड थांबायची वाट बघितली असती तर मी अजून दाराबाहेर उभी असते. प्रेषितांच्या कृत्यांत चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान यहुदी पुढाऱ्यांच्या न्यायसभेपुढे धडाडीनं बोलतात, सुटून आपल्या माणसांत येतात, आणि लगेच प्रार्थना कसली? आम्हाला धैर्य दे, अशी. आत्ताच तर दाखवलं होतं की! पण काल मिळालेलं आज उरत नसावं.

दुसरं, भाषा. तुमची गोष्ट कागदावर लिहा, पाच-सहा वाक्यांत. मग ज्या शब्दाला मंडळीबाहेर कोणी वापरत नाही तो खोडा. मी माझी लिहिली होती तेव्हा तारण, ओझं, अभिषेक, स्पर्श, साक्ष, विजय हे सगळं खोडलं गेलं आणि खाली दीड वाक्य राहिलं. लाज वाटली. पण ते दीड वाक्य माझं होतं.

तुमच्या पोस्टमध्ये स्तोत्राचा जो परिच्छेद आहे त्यात खोडण्यासारखा एकही शब्द नाही. तोच सांगा. वडिलांची प्रार्थना का ऐकली गेली नाही याचं उत्तर जोडू नका. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांध माणसाला येशू बरं करतो आणि परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, त्याला येशूबद्दल खोदून विचारतात तेव्हा तो सरळ म्हणतो, ते मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता दिसतं एवढं ठाऊक आहे. ‘मला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात, निदान माझ्या वॉर्डात तरी.

आणखी एक, हे तुम्हाला माहीतही असेल. तेविसाव्या स्तोत्रात दरीपर्यंत दावीद देवाला ‘तो’ म्हणतो. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. दरीत शिरल्यावर ‘तू’. तुम्ही अडलात ती जागा नेमकी तीच.

—

जुना_पत्रिकावाला

सिस्टर, तक्रार मान्य. रांगेतले लोकही पळू शकत नव्हते, हे आत्ता लक्षात आलं.

—

फक्त_वाचक

मी ख्रिस्ती नाही. इथं भाषेसाठी आणि जुन्या मराठी पुस्तकांच्या चर्चेसाठी येतो, हा धागा समोर आला म्हणून वाचला. बोलू का नको असं वाटत होतं, म्हणजे भीती इकडेही असते.

पलीकडच्या टेबलावरून सांगतो. माझ्या एका मित्रानं मला असंच ‘सांगितलं’. आम्ही कॉलेजपासूनचे. माझी नोकरी गेली होती, तो रोज यायचा, फार आधार दिला. तीन आठवड्यांनी त्यानं एक पुस्तिका काढली आणि त्याचा आवाज बदलला. शब्द बदलले असते तर चाललं असतं. आवाज बदलला. शाळेत बक्षीस समारंभाला पाहुणे आले की शिक्षकांचा बदलायचा तसा. त्या क्षणी मला मागचे तीन आठवडे पुन्हा तपासावेसे वाटले. तुमची पहिली भीती म्हणूनच अगदी खरी आहे.

पण दुसरी बाजूही आहे. मी त्याला ‘मला यात रस नाही’ म्हटलं, आणि तो दुसऱ्या दिवशी आला. तसाच. अर्ज भरायला मदत केली. मला वाटतं त्याची खरी साक्ष ती होती, अर्थात तो तसं मानणार नाही. आजही कधी कधी मी त्याला विचारतो, तुमच्यात अमुक का म्हणतात. आता त्याचा आवाज बदलत नाही.

एक कडू गोष्ट बोलतो. तुमच्या लोकांना ज्या दिवशी आनंद होतो त्या दिवशी कुणाच्या तरी घरात रडारड असते, हे विसरू नका. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं हे मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. म्हणून भीती वाटते म्हणणारे ख्रिस्ती लोक मला बरे वाटतात. त्यांना निदान कळलेलं असतं की हातात काय आहे.

—

विजयी_जीवन

लक्ष्मीबाई १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या हेही सांगा की.

—

फक्त_वाचक

झाल्या. पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी, स्वतः विचार करून. नवऱ्यानं ओढून नाही. माझं म्हणणं तेच होतं.

—

विजयी_जीवन

हं.

ताई, त्या दिवशीच्या माझ्या शेवटच्या वाक्याबद्दल माफ करा. मला स्वतःला एकानं तसंच म्हटलं होतं, आणि मी त्या धाकानंच सुरुवात केली. बसमध्ये बोलताना अजूनही तो धाक असतो. हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

—

कोपऱ्यातली_खुर्ची

दादा, माफी कसली. बसमध्ये बोलता तेव्हा नावं विचारत जा, एवढंच म्हणते.

सगळ्यांची उत्तरं छापून घेतली होती आणि ती घडी पर्समध्ये घेऊन आठ दिवस फिरले. आज झालं ते लिहिते. मोठं काही नाही.

सिस्टर, मी लिहून काढलं, शब्द खोडले. काका, पहिलं वाक्य तुमचंच घेतलं. तरी सोमवारी नाही जमलं, मंगळवारी ती रजेवर होती (मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते), बुधवारी वरिष्ठ मधे येऊन बसले. आज संध्याकाळी सगळे गेले होते. ती बिलांच्या फाईलला दोरी बांधत होती. मी खुर्ची तिच्याकडे वळवली, बसूनच. आवाज खरंच अर्धा पट्टी वर गेला.

म्हटलं, “त्या दिवशी लिफ्टमध्ये तू विचारलंस. मी खरं सांगितलं नाही. ऐकायचं असेल तर सांगते.”

ती दोरी बांधत राहिली. म्हणाली, “माहीत होतं मला.”

“काय?”

“की तू थाप मारलीस. नऊ वर्षं बघतेय. थाप मारताना तू चष्मा काढतेस.”

मग मी सांगितलं. रात्रीचे दोन, स्तोत्र, दरी, बाबांची ओळ. दोन मिनिटंही लागली नसतील. मधेच रडू आलं, ते काही ठरवलेलं नव्हतं. शेवटी ‘म्हणून मला वाटतं तूसुद्धा’ असं काहीतरी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. गप्प बसले. गप्प बसणं बोलण्यापेक्षा अवघड गेलं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “तेव्हा का नाही सांगितलंस?”

“भीती वाटली.”

“माझी?” आणि ती हसली. चांगली खळखळून. मीही हसले. मग तिनं तो प्रश्न विचारलाच, ज्याला मी घाबरत होते. “पण इतकी प्रार्थना करून बाबा गेलेच ना तुझे?” मी म्हटलं, गेले. का गेले, मला माहीत नाही. खूप वेळा विचारलंय. ती म्हणाली, हं. पुढं काही नाही.

शिपायावर ओरडण्याचा विषय मीच काढला. म्हटलं, मला बोलायचा अधिकार नाही खरं तर. त्यावर ती एवढंच म्हणाली, “त्याची माफी मागितलीस का?” नव्हती मागितली. उद्या मागायची आहे. त्याची भीती वेगळीच आहे, त्यासाठी दुसरा धागा काढीन.

निघताना मी खण उघडून पिनांचा डबा उचलला. तो नवा करार बाहेर काढला नाही, नुसता हात ठेवला, ठरत नव्हतं. तिचं लक्ष गेलं. “हे ते तपकिरी कव्हरवालं? मला वाटायचं तुझी डायरी आहे. पिना घ्यायला खण उघडला की रोज दिसायची. म्हणून कधी हात नाही लावला.”

दोन वर्षं!

मी म्हटलं, डायरी नाही. तुझ्यासाठी घेतलेलं आहे, पण घ्यायलाच हवं असं नाही.

तिनं घेतलं नाही. म्हणाली, “असू दे तिथंच. खण माहितीये मला.” आणि मग लिफ्टमध्ये, तळमजला यायच्या आधी, “तुझ्या बाबांनी म्हटलेली ओळ काय होती, परत सांग.”

सांगितली. तिनं मनातल्या मनात म्हटल्यासारखी वाटली, पण ते माझं वाटणं असेल.

—

रात्रपाळी

चष्मा काढता ते बंद करा. 😄

—

जुना_पत्रिकावाला

आईची तब्येत कशी आहे तिच्या? आणि मुली, तिचं नाव विचारणार होतो, सवय लागलीये आता. पण इथं लिहू नकोस. मी आजपासून ‘पलीकडची’ म्हणूनच प्रार्थनेत घेतो.